बदकांसमोरचा आडोसा

थंडी पडायला लागली की आमच्या चारकोपात मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारा बहुधा कॉलेजातला मुलगा असतो. गळ्यात नवा कॅमेरा, आणि हातातल्या मोबाइलवर एखाद्या परदेशी दुकानातल्या तंबूचं चित्र. "काका, बदकांसाठी यातला कुठला घेऊ?"

चित्र बघितलं की लक्षात येतं, हा तंबू फोटो काढणाऱ्यासाठी केलेलाच नाही. तो बंदूक घेऊन बसणाऱ्यासाठी आहे. अमेरिकेत आणि कॅनडात बदकांच्या आणि हंसांच्या शिकारीचा रीतसर हंगाम असतो, परवाने असतात, किती पाखरं मारायची याच्या मर्यादा असतात, आणि दबा धरून बसायच्या आडोशांचा भलामोठा बाजार असतो. कापलेल्या शेतात उताणं पडून राहायचा पलंगासारखा आडोसा, होडीवर चढवायची गवताची झूल, पाण्यात खांब रोवून बांधलेली कायमची खोपटी, दोन बाजूंनी उभ्या करायच्या घडीच्या चौकटी आणि झटक्यात उघडणारा तंबू, असे त्याचे नाना प्रकार. मुलांना वाटतं, ज्याला बदकं फसतात तो आडोसा आपल्यालाही चालेल. अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी आज बोलायचं आहे.

शिकाऱ्याचा हिशेब साधा असतो. छऱ्याच्या बंदुकीचा नेम पस्तीस-चाळीस मीटरपलीकडे भरवशाचा नाही. तेव्हा पाखरू तेवढ्या टप्प्यात आलं की त्याचं काम झालं. त्यासाठी तो पाण्यावर लाकडाची किंवा प्लॅस्टिकची खोटी बदकं सोडतो, शिट्टीने साद घालतो आणि बार उडवतो. बार उडाल्यावर उरलेला थवा घाबरून कुठे गेला, याची त्याला त्या दिवसापुरती फिकीर नसते. आपलं तसं नाही. आपल्याला पाखरू जवळ यायला हवं, चरायला हवं, आपल्यासमोर डुलकी काढायला हवं आणि उद्या सकाळी पुन्हा त्याच जागी यायला हवं. म्हणून आडोसा निवडताना विचारायचा पहिला प्रश्न 'मी किती जवळ जाईन' हा नाही. 'मी तिथे असल्याची किंमत बदकाला किती पडेल' हा आहे.

ही किंमत म्हणजे काय, ते सांगतो. हिवाळ्यात आपल्याकडे येणारे थापट्या, तलवार बदक, चक्रांग हे मध्य आशिया आणि सायबेरियाकडून हजारो किलोमीटर उडून आलेले असतात. इथला मुक्काम चार-पाच महिन्यांचा. तेवढ्यात झीज भरून काढायची आणि मार्चमध्ये परत निघण्यापुरती चरबी अंगावर चढवायची. पाण्यावर शांतपणे चरणाऱ्या बदकाला तुम्ही उठवलंत की त्याचं खाणं थांबतं आणि उडण्यात साठवलेलं इंधन जळतं. एकदा झालं तर ते सोसतं. पण एकाच पाणथळीवर सकाळी चार कॅमेरेवाले येऊन उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवत असतील, तर आठवड्याभरात ती जागा रिकामी होते. मुंबईत त्यांनी दुसरीकडे जायचं तरी कुठे?

आडोशाचं शास्त्र मात्र शिकाऱ्यांनीच रचलं, हे मान्य करावं लागेल. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या सुरुवातीच्या सभासदांत शिकारी पुष्कळ होते. स्टुअर्ट बेकर यांचा भारतीय बदकांवरचा गाजलेला ग्रंथ सोसायटीने १९०८ साली छापला, तो वाचणाऱ्यांतही बंदूक बाळगणारे कमी नसणार. भरतपूरच्या घना पाणथळीत १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे आणि आजही वाचता येतो. हीच पाणथळ पुढे राष्ट्रीय उद्यान झाली आणि १९८५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, तेव्हा त्यातही लहान शिकारीच्या परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. आज आपल्या देशात रानबदक मारणं हा सरळ गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. तेव्हा परदेशी दुकानातली ती खोटी बदकं आणि शिट्ट्या इथे मागवू नका. कॅमेऱ्यासाठी वापरल्या तरी त्या पाखराला फसवतातच.

शिकाऱ्याचा आडोसा बघणाऱ्याच्या हातात कसा आला, याची एक गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडचे पीटर स्कॉट तरुणपणी हंसांचे पट्टीचे शिकारी होते. चिखलात तासन्‌तास पडून राहायची त्यांना सवय. पुढे त्यांनी बंदूक सोडली. दुसरं महायुद्ध संपल्यावर सेव्हर्न नदीच्या मुखाशी ते रानहंस बघायला गेले, तेव्हा तिथे शत्रूला रोखण्यासाठी बांधलेले काँक्रीटचे बुरूज रिकामे पडले होते. मशीनगनच्या फटीतून दुर्बीण लावायची! त्याच ठिकाणी, स्लिमब्रिजला, त्यांनी १९४६ साली पाणपक्ष्यांसाठी संस्था काढली. तो आडोसा का चालला, हे बघण्यासारखं आहे. तो जुना होता, हलत नव्हता, आणि पाखरांनी तो आधीच जमिनीचा भाग म्हणून स्वीकारला होता.

याहून जुनी अक्कल आपल्या पारध्यांची. पारधी समाजातल्या काही गटांची शिकारीची पद्धत अशी होती, की शिकवून तयार केलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आड राहून सावजाकडे सरकायचं. गाय चरत चरत पुढे जाते, तिच्या पोटाआड माणूस. रानातल्या जनावराला गाय ओळखीची, त्यामुळे ते बुजत नाही. इंग्लंडमधल्या कीर्टन बंधूंनी १९०० च्या सुमारास पक्ष्यांच्या फोटोसाठी पेंढा भरलेला बैल तयार केला आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन ते बसले. तो खोटा बैल आज फोटोग्राफीच्या इतिहासात मिरवतो. आमच्या पारध्याची गाय जिवंत होती, स्वतःच्या पायांनी चालत होती आणि संध्याकाळी दूधही देत होती.

या दोन्ही गोष्टींतून एकच कसोटी हाती लागते. लपणं महत्त्वाचं आहेच, पण त्याहून महत्त्वाचं आहे ते पाखराच्या ओळखीच्या वस्तूआड लपणं.

आता आमच्या चारकोपाकडे येऊ. कांदिवलीच्या पश्चिमेचं हे टोक. १९८५ साली सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात, जागतिक बँकेच्या कर्जातून, म्हाडाने इथे छोटे छोटे भूखंड पाडले आणि मध्यमवर्गाच्या, कष्टकऱ्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. घरं संपली की तिवरं सुरू होतात, तिवरांपलीकडे खाडी, आणि खाडीपलीकडे मनोरी-गोराई. तिवरांच्या अलीकडे पावसाचं पाणी साठून राहिलेल्या जागांत मी हळदी-कुंकू बदकं बघतो. चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके, म्हणून हे सुरेख नाव. शीळ घालत जाणाऱ्या अडया बघतो. हिवाळ्यात फावड्यासारखी चोच पाण्यावर फिरवणारे थापटे येतात. हंस मात्र इथे शोधू नका, त्यांच्याकडे नंतर येतो.

इथे एक गंमत आहे. देवाने चारकोपकराला सकाळचा आडोसा फुकट दिला आहे. आपण वस्तीच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला, आणि पाणी पश्चिमेला. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी, उजेड थेट पाखरावर आणि आपण सावलीत. हिवाळ्यातल्या सकाळी मुंबईत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे पूर्वेकडून. बदक पाण्यावर उतरतं ते नेहमी वाऱ्याला तोंड देऊन, विमानासारखं. म्हणजे ते उतरताना तोंड आपल्याकडे करून येतं. दुपारनंतर सगळा मामला उलटतो. वारा समुद्राकडून येतो, बदकं पाठ दाखवून उतरतात आणि ऊन आपल्या डोळ्यांत. दुपारी चार वाजता महागडा तंबू लावून बसणाऱ्यापेक्षा सकाळी साडेसहाला बांधाच्या आड नुसतं मांडी घालून बसणारा जास्त बघतो.

भरती-ओहोटीचं गणितही हवं. ओहोटीला खाडीतले पक्षी चिखलावर दूरवर विखुरतात, भरती आली की आतल्या बाजूला सरकतात. पूर्वीपासून चालत आलेला ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमाराला. वेळापत्रक मोबाइलवर मिळतं, पण हे गणित तोंडी ठेवलेलं बरं. अष्टमी-नवमीला भांग असतो, पाणी फार चढत नाही. मला एकादशी-द्वादशी बरी वाटते. भरती सव्वाआठ ते नऊच्या दरम्यान, पाण्याला जोर येऊ लागलेला आणि सूर्य अजून पाठीशी. पण एक सांभाळायचं. उधाणाच्या दिवसांत पाणी तिवरांत खूप आतपर्यंत शिरतं. कोरड्या दिसणाऱ्या चिखलावर काल पाणी होतं का, हे तिवरांच्या खोडावरच्या ओल्या रेषेवरून बघावं. त्या रेषेच्या खाली कधी बसू नये.

आणि तिवराची एकही फांदी तोडायची नाही. परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं, आजूबाजूचा पाला कापून आडोशावर खोचा. इथे तो गुन्हा ठरेल. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशाने राज्यभर तिवरांच्या तोडीवर बंदी घातली आणि त्यांच्या भोवतीच्या पन्नास मीटरांच्या पट्ट्यात बांधकामं रोखली. सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ते पक्कं केलं. २०१२ पासून वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्षही आहे. त्यामुळे खांब रोवून मचाण बांधायचा विचार मनातून काढून टाका. वनजमिनीत शिरायचं असेल तर आधी परवानगी घ्या. आडोसा आणायचा तो पाठीवर बांधून, आणि न्यायचाही तसाच.

तर मग कुठला? माझं मत सांगतो. पहिल्या वर्षी कुठलाच घेऊ नका. मातकट किंवा शेवाळी रंगाचा पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी, तोंडावरून ओढायचा एखादा जुना मळखाऊ गमछा, आणि बसायला घडीचं बुटकं स्टूल. बदकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, डोक्यावरचं आकाशसुद्धा. रंगही उत्तम दिसतात. तरी त्याला सगळ्यात आधी कळते ती हालचाल, आणि आपल्याकडे हलतात ते चेहरा आणि हात. दोन्ही झाका. बांधाच्या माथ्यावर उभं राहू नका, आकाशावर आपली आकृती उमटते. पाठीमागे झुडूप किंवा भिंत हवी. शेतातल्या त्या पलंगासारख्या आडोशाकडून शिकण्यासारखं एवढंच, की जितकं बुटकं तितकं चांगलं. शिवाय पाण्याच्या पातळीवरून काढलेल्या फोटोत बदक बदकासारखं दिसतं, वरून काढलेल्यात ताटातल्या वड्यासारखं.

दुसऱ्या वर्षीही हौस टिकली तर तंबू घ्या. एका माणसाचा, बिनखिडकीच्या छताचा, तीन बाजूंना जाळीच्या फटी असलेला. दुकानात तो उघडून आत बसा आणि हाताने कापड झटका. फडफड आवाज आला तर परत ठेवा. पातळ चकचकीत नायलॉन वाऱ्यावर शीड होतं आणि पहिल्या झुळकीला पाणी रिकामं करतं. जाड, मऊ, न चमकणारं कापड हवं. त्यावर छापलेली पानं कुठल्या तरी अमेरिकन ओकची असतात, आमच्या तिवरांत ती विचित्र दिसतात. पण ते आपल्याला दिसतं, बदकाचं त्यावाचून अडत नाही. एकरंगी मातकट कापड मात्र स्वस्त पडतं. पाठीमागची फट बंद ठेवा, नाहीतर मागच्या उजेडावर आतल्या माणसाची सावली हलताना बाहेरून सिनेमासारखी दिसते.

पुस्तकात लिहितात, तंबू तीन दिवस आधी लावून ठेवा म्हणजे पाखरं सरावतात. चारकोपात तंबू तीन दिवस रिकामा ठेवला तर चौथ्या दिवशी आत पत्त्यांचा डाव रंगलेला सापडेल. म्हणून उजाडण्यापूर्वी आत शिरायचं, हा एकच मार्ग. उशीर झालाच तर शिकाऱ्यांची जुनी युक्ती करा. दोघांनी मिळून आत जायचं आणि एकाने उघडपणे बाहेर पडून निघून जायचं. माणूस गेला असं समजून पाखरं पुष्कळदा निवांत होतात. ही युक्ती एकट्याने जाऊ नये यासाठीही चांगली. पहाटे खाडीकाठी भटके कुत्रे असतात, आणि घरी कुणाला तरी जागा ठाऊक असलेली बरी.

आता हंस. आपण 'राजहंस' म्हणून वाटेल त्या पांढऱ्या पाखराला हाक मारतो. रानहंसांपैकी महाराष्ट्रात नेमाने येणारा म्हणजे पट्टकादंब, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे असलेला. हिमालय ओलांडताना सात हजार मीटरहून उंच उडाल्याची त्याची नोंद आहे. तो बघायचा तर भिगवणला उजनीच्या पाण्यावर किंवा नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरला जा. नांदूरला गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे पाणथळ तयार झाली आहे. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून २०२० च्या जानेवारीत ती जाहीर झाली. चापडगावच्या बाजूला वनखात्याचे निरीक्षण मनोरे आहेत. तिथे स्वतःचा तंबू नेऊ नका. मनोरा पाखरांच्या ओळखीचा झालेला आहे, तुमचा तंबू झालेला नाही.

भिगवणला तर आडोसाच लागत नाही, होडी लागते. तिथले मच्छीमार रोज त्याच पाण्यात जाळी टाकतात. त्यांची होडी पाखरांना म्हशीइतकी सवयीची असते. पारध्याची गाय ती हीच. फक्त नावाड्याला आधीच सांगायचं, "दादा, पाखरू उडवायचं नाही, लांबून चालेल." हे सांगावं लागतं, कारण शहरातून येणारे बरेच जण त्याच्या हातात जादा पैसे ठेवून नेमकं उलटं सांगतात. त्याचंही पोट त्यावर आहे. मागणी बदलली की तो लगेच बदलतो, हा माझा अनुभव आहे. हंस सकाळी लवकर काठच्या शेतांत चरायला जातात आणि ऊन चढलं की पाण्यावर विश्रांतीला येतात. शेतात त्यांच्या मागे धावू नये. पाण्यावर वाट बघावी. आणि शेत दुसऱ्याचं असतं, हेही विसरू नये.

आडोसा बरोबर निवडला की नाही, हे बदकच सांगतं. खाली मुंडी घालून चरणारं बदक म्हणजे सगळं ठीक. चरणं थांबवून मान ताठ उभी केली, ही पहिली सूचना. तिथेच थांबा, श्वाससुद्धा हळू घ्या. शेजारच्यांनीही माना वर केल्या आणि थवा एकमेकांजवळ सरकून तुमच्यापासून दूर पोहायला लागला, ही दुसरी सूचना. याचा अर्थ तुम्ही फार जवळ आहात. मान पुन्हा खाली गेली नाही तर जागा सोडायची, दुसऱ्या दिवशी वीस पावलं मागे बसायचं. पावसाळ्यात हे सगळंच बंद. हळदी-कुंकू आणि अडई तेव्हा इथेच घरटी करतात. घरट्याजवळ आडोसा लावला तर आपण हटेपर्यंत मादी परतत नाही, कावळ्याची मात्र सोय होते.

शेवटचं काम निघण्याचं, आणि त्यात घाई फार होते. फोटो मिळाले, ऊन चढलं, पोटात कावळे ओरडायला लागले, की माणूस तंबूची चेन खर्रकन ओढतो आणि दोन तास शांत बसलेला थवा भर्रकन उठतो. तसं करू नका. पाण्यावरची बदकं दूर सरकेपर्यंत थांबा. सरकत नसतील तर मागच्या बाजूने, बसल्या बसल्या, आडोसा तसाच उभा ठेवून बाहेर पडा आणि बांधापलीकडे जाऊन चहा घ्या. तासाभराने परत येऊन तंबू घडी करा. चेनला घरून निघताना मेणबत्ती चोळून ठेवली तर आवाज होत नाही.